वडिलांच्या वर्षस्मरणाला टाळ-पखवाजाचे भजन: ख्रिस्ती घरात ते कितपत उचित?

नगरकरीण

सर्वांना सलाम.

माझ्या वडिलांना देवाघरी जाऊन येत्या डिसेंबरात एक वर्ष होईल. ते मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत 'नगर'च होते) आणि पुण्यात शिक्षक होते. शनिवारी रात्री जेवणे आटोपली की आमच्या घरी सतरंजी अंथरली जाई. वडील पेटीवर बसत, शेजारचे एक काका टाळ धरत आणि 'उपासना संगीत' या भजनसंग्रहातली ना. वा. टिळकांची व कृष्णराव सांगळ्यांची भजने अकरा-साडेअकरापर्यंत चालत. रविवारच्या उपासनेतले फारसे काही मला आठवत नाही, पण या शनिवारच्या रात्री आठवतात. आईची इच्छा आहे की वर्षस्मरणाला भाषणे थोडकी असावीत आणि बाकी सारा वेळ भजन व्हावे, तेही बैठकीचे, टाळ-पखवाजासह.

माझ्या धाकट्या भावाचा याला विरोध आहे. तो काही वर्षांपासून एका नव्या मंडळीत (चर्चमध्ये) जातो. अभंगाची चाल, टाळ, 'गुरुराया', 'चरणी माथा', 'दर्शन' असले शब्द हे सगळे दुसऱ्या धर्मातून आलेले असून आपल्या पणजोबांनी जे सोडले तेच आपण मागच्या दाराने घरात आणतो आहोत, असे त्याचे म्हणणे आहे. त्याच्या मते गिटारवर चार हिंदी गीते व्हावीत, म्हणजे मुलांनाही ती म्हणता येतील. तो हे भांडून बोलत नाही, प्रार्थना करून बोलतो, त्यामुळे त्याला उत्तर देणे अधिक अवघड जाते.

निमंत्रणपत्रिकेवरूनही असाच खल चालू आहे. 'पुण्यस्मरण' हा शब्द त्याला नको, कारण मनुष्य पुण्याने तरत नाही, कृपेने तरतो. 'ख्रिस्तवासी' हा शब्द त्याला चालतो, मात्र तोही 'कैलासवासी'च्या साच्यातच घडलेला आहे हे मी त्याला अद्याप सांगितलेले नाही. आत्या फोटोला हार घालणार, हे तर ठरलेलेच आहे.

माझा प्रश्न असा आहे: भजनाचा हा प्रघात आपल्याकडे केव्हा आणि कोणत्या विचाराने आला? जाणत्या माणसांनी तो विश्वासाला बाधक न मानता स्वीकारला, की केवळ सवयीने तो चालत राहिला? भावाला पटले नाही तरी चालेल, पण मला स्वतःला नीट समजून घ्यायचे आहे.

पेटीवाला

नगरकरीणताई, सलाम. मी चाळीस वर्षे मंडळीत पेटी वाजवत आलो आहे, म्हणून माझे मत एका बाजूला झुकलेले आहे हे आधीच सांगून टाकतो.

हा प्रघात सवयीने आलेला नाही. तो विचारपूर्वक आणला गेला आणि त्याची मुळे मिशनच्या काळापेक्षाही जुनी आहेत. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी (जेझुइट) पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती, त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला त्यांच्यापाशी काहीच नव्हते, आणि ती पोकळी या माणसाने ओवीने भरून काढली. त्यांच्या आरंभीच्या 'ओं नमो विश्वभरिता'मध्ये ज्ञानेश्वरीचा सूर ज्याला ऐकू येत नाही, त्याचे कान तपासून घ्यावेत असे मी म्हणेन. स्वर्गाला ते 'वैकुंठ' म्हणतात. म्हणजे आपले बंधू ज्या शब्दांना बिचकतात, त्यांहून कितीतरी धीट शब्द चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी पाद्र्याने पवित्र त्रैक्याच्या सेवेला लावले होते.

आपल्या नगरकडची परंपरा मात्र त्यांच्याकडून आलेली नाही. ती अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींमध्ये स्वतंत्रपणे वाढली. इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे विलायती चालींवर बसवून लोकांना शिकवण्याचा उद्योग आधी पुष्कळ झाला. तो फसला असे नाही, आपण ती गीते आजही गातो, पण ज्याने ती पेटीवर साथीला घेतली आहे त्याला त्यातली अडचण ठाऊक असते. विलायती चाल ठराविक ठिकाणी आघात मागते आणि मराठी शब्द ऱ्हस्व-दीर्घाने चालतो. मग 'प्रभू'मधला 'प्र' ताणला जातो, 'भू' गिळला जातो आणि म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो आहोत हेच कळेनासे होते. एकोणिसाव्या शतकातच नगरच्या मंडळींनी हे ओळखले आणि पदे, अभंग व कीर्तन यांकडे त्या वळल्या. कृष्णराव सांगळे यांची पदे त्याच वळणाची आहेत. कीर्तनकार उभा राही, पूर्वरंगात विषय मांडी आणि उत्तररंगात बायबलमधल्या उधळ्या पुत्राचे किंवा ईयोबाचे आख्यान लावी. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांना शुभवर्तमान पाठ झाले ते अशा रीतीने.

नारायण वामन टिळक यानंतरचे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मधला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत आणि ते केवळ बोलण्यापुरते नव्हते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा झालेल्यांनी आणि न झालेल्यांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावे, अशी त्यामागची कल्पना होती. दोनच वर्षांत ते गेले आणि ते काम अपुरे राहिले. 'ख्रिस्तायन'ही त्यांच्या हातून अपुरे राहिले, पण ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या माणसाची फुला-पाखरांची कविता शाळेच्या पुस्तकातून महाराष्ट्रातल्या मुलांनी पाठ केली, तोच माणूस आपल्या रविवारच्या उपासनेत गायला जातो, ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते.

आपल्या वडिलांच्या शनिवारच्या बैठकीमागे हा सगळा इतिहास आहे. भजन अवश्य करावे.

केडगावकर

पेटीवाला यांनी लिहिलेले बरोबर आहे, परंतु ते एकाच अंगाने लिहिलेले आहे. ताईंच्या भावाची बाजू येथे कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो.

ती बाजू आडमुठ्या माणसाची नाही, पंडिता रमाबाईंची आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी पुराणे सांगत सगळा हिंदुस्थान पायी हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'सरस्वती' ही पदवी दिली. संस्कृत शब्दामागे कोणते देव, कोणती व्रते आणि कोणते अधिकार उभे असतात हे त्या काळच्या कोणत्याही मिशनऱ्यापेक्षा तिला अधिक कळत होते, आणि म्हणूनच आयुष्याची अखेरची अनेक वर्षे तिने केडगावला बसून हिब्रू व ग्रीक यांवरून बायबलचे साध्या मराठीत नवे भाषांतर केले. तिला असे मराठी हवे होते की जे दुष्काळातून आणलेल्या, कधी पाटी न पाहिलेल्या बाईला समजेल आणि ज्यातून जुन्या धर्माचा वास येणार नाही. १९२२ मध्ये ती गेली. तिचे बायबल १९२४ मध्ये केडगावच्या तिच्या 'मुक्ती' मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडले. टिळक आणि रमाबाई हे दोघे एकाच काळातले, दोघेही चित्पावन घरांतून आलेले, दोघांचीही ख्रिस्तनिष्ठा निर्विवाद. एकाने जुने शब्द उचलून ख्रिस्ताच्या पायी वाहिले आणि दुसरीने ते निवडून बाजूला काढले. यांतला कोणता मार्ग विश्वासाचा आणि कोणता अविश्वासाचा, हे ठरवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेणार नाही.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. टिळकांना तुकोबांचा पूल चालून येता आला, कारण त्या पुलावर पाऊल ठेवण्यापासून त्यांना कोणी अडवलेले नव्हते. नगर जिल्ह्यातल्या आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे महारवाड्यातून किंवा मांगवाड्यातून ख्रिस्ताकडे आले. चोखोबा पंढरपूरच्या पायरीशीच राहिले, आणि त्या देवळाचे दार सर्वांना उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. ज्या घराण्याने टाळाचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या भिंतीबाहेरून ऐकला, त्यातल्या एखाद्या मुलाला तो गोड लागत नसेल तर त्याला 'संस्कृती विसरला' म्हणून हिणवू नये. त्याच्या हातातली गिटार परदेशी आहे हे खरे, पण तिने त्याला कधी दाराबाहेर उभे केलेले नाही.

नगरकरीण

केडगावकर, आपण लिहिलेले मी दोनदा वाचले आणि आईला वाचून दाखवले. माझ्या भावाने हा मुद्दा असा मांडला असता, तर मी त्याच्याशी पहिल्याच दिवशी निराळ्या स्वरात बोलले असते.

आई त्यावर जे म्हणाली ते येथे लिहिते. माझे पणजोबा ख्रिस्ती होण्याच्या आधीपासून भजन करत. ते देवळात नव्हे, तर तक्क्यात, म्हणजे वस्तीच्या बैठकीच्या जागेत. चोखोबांचे अभंग तेथे म्हटले जात. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे आणि कोणी ऐकायलाही येत नसे. पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी नवी पदे शिकली, पण टाळ तेच राहिले, आणि त्याच टाळांपैकी एक जोडी आमच्या कपाटात आहे. आईचे म्हणणे असे की देऊळ त्यांचे होते, पण भजन आमचेही होते, ते आम्ही कोणाकडून उसने आणलेले नाही. हे सगळ्या घराण्यांना लागू होईल असा माझा दावा नाही. आमच्या घरापुरते ते खरे आहे.

पश्चिमपट्टी

मी वसईचा कॅथलिक आहे. आमच्याकडे हा वाद निराळ्या वळणाने झाला आणि त्यात आदेश देणारे वरिष्ठ असल्यामुळे त्याचे दस्तऐवजही उरले आहेत, म्हणून थोडे लिहितो.

१६१६ मध्ये ज्या चर्चच्या परवानगीने ओवी छापली गेली, त्याच चर्चच्या गोव्यातील इन्क्विझिशनने (धर्मन्यायालयाने) १७३६ मध्ये नवख्रिस्ती घरांतील चालीरीतींवर बंदीचे फर्मान काढले. लग्नात हळद लावणे आणि ओव्या गाणे यांसारख्या गोष्टींवरही त्याने बंदी घातली. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत ओवी धर्मग्रंथातून गुन्ह्यात गेली. बायकांनी ती तरीही सोडली नाही. वसई पुढे तीनच वर्षांत, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी जिंकली. आमच्या चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेल्या गेल्या आणि भीमाशंकरला व नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही टांगलेल्या आहेत. भाविक त्या वाजवतात तेव्हा त्यांच्या श्रद्धेला बाधा आल्याचे ऐकिवात नाही. (हा युक्तिवाद नव्हे. माझ्या आजीची ही आवडती कोटी होती.)

व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा (आमची मुख्य उपासना) लोकभाषेत आली आणि १९६९ मध्ये भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने मान्यता दिली. पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमन करणे, मेणबत्तीऐवजी तेलाची समई, धूप, आरती या त्यांपैकी काही. त्यावेळीही 'हे आम्हांला हिंदू करायला निघाले' अशी ओरड झाली, आणि गंमत अशी की ओरडणाऱ्यांत शहरी, इंग्रजी बोलणारे अधिक होते. गावातल्या म्हातारीला समईचे नवल वाटण्याचे कारणच नव्हते. मराठी मिस्सा, मराठी गीते, मराठी 'सुवार्ता' मासिक हे सारे आमच्या पट्टीत रुजले. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुबोध बायबल' लिहितात आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होतात, हे त्याच वाटेने पुढे आलेले आहे.

तरीही माझा अनुभव सांगतो की कागदावर मान्यता मिळालेली प्रत्येक गोष्ट टिकली नाही. लोकांनी आरती घेतली ती सणापुरती. हात जोडणे सहज रुळले. याउलट कोणीही न ठरवता जे लोकांनी स्वतः केले, ते मात्र घट्ट बसले. वांद्र्याच्या माउंट मेरीला कोळ्यांनी 'मोत माउली' केले आणि आपल्या नगर जिल्ह्यात हरेगावला ती 'मतमाउली' झाली. सप्टेंबरात हरेगावच्या यात्रेला जो जनसागर लोटतो, त्यात नवस फेडायला आलेले सगळे ख्रिस्तीच असतात असे नाही. 'माउली' हा शब्द कोणत्या धर्मपरिषदेने मंजूर केला? माणसे आईला जी हाक मारत होती तीच त्यांनी तिला मारली.

फोटोच्या हारापुरते सांगायचे तर आत्याला हार घालू द्यावा आणि जवळ मेणबत्ती लावावी. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही सगळी कबरस्ताने झेंडूने भरून टाकतो. मृतांची पूजा आणि मृतांचा मान यांतला फरक आत्यांना कळतो.

आषाढीचा वाचक

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. या चर्चेत बोलावे की नाही असा संकोच होता, पण पखवाजाचा विषय निघाला म्हणून दोन गोष्टी लिहितो.

टाळ-पखवाज आमचे आहेत आणि दुसऱ्याने ते घेऊ नयेत, असे माझ्या परिचयातल्या कोणाही वारकऱ्याला वाटणार नाही. केडगावकरांनी पायरीचा उल्लेख केला त्यावर मला मान खाली घालण्यापलीकडे उत्तर नाही. एक विनंती मात्र आहे. काही ठिकाणी मी असे भजन ऐकले आहे की आमचाच गजर जसाच्या तसा उचलून त्यात फक्त नाव बदललेले असते. ते ऐकताना त्रास होतो, आणि तो धर्माभिमानाचा नाही, तर कवितेचा आहे. टिळकांचे अभंग तसे नाहीत. त्यांत त्यांचे स्वतःचे बोलणे आहे, आणि म्हणूनच ते ऐकताना मला परकेपणा जाणवत नाही. आपले भजन असे स्वतःचे असेल तर त्याला कोणी उसनवारी म्हणणार नाही.

पेटीवाला

वाचक यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. नाव बदललेले गजर मीही वाजवले आहेत आणि आता त्याची लाज वाटते.

केडगावकरांना एवढेच सांगतो की रमाबाईंबद्दल आपण लिहिलेले मान्य करूनही माझ्या मनात एक शंका उरते. निवडून बाजूला काढावेत असे शब्द शेवटपर्यंत काढत गेलो, तर मराठीत प्रार्थनेसाठी काय उरते? 'देव', 'कृपा', 'भक्ती', 'तारण' हे सगळेच कोणाच्या ना कोणाच्या ओठांवरून आलेले आहेत. ज्या ग्रीक शब्दाने योहान आपले शुभवर्तमान सुरू करतो तो 'लोगोस' (शब्द) हाही तत्त्वज्ञांच्या चर्चेत आधीपासून होताच. रमाबाईंनीही 'देव' हा शब्द ठेवलाच. तेव्हा प्रश्न उसना शब्द चालेल की नाही असा नसून त्याच्यावर किती भार टाकायचा, असा आहे. 'चरणी माथा' मला चालतो. 'वैकुंठ' मी स्वतः आज नव्या पदात घालणार नाही, पण स्टीफन्सच्या ओवीतून काढणारही नाही.

हिंदी गीतांविषयी अधिक बोलत नाही. मुलांना ती येतात हे खरे आहे आणि स्मरणसभेला मुलांनी गप्प बसून राहावे असे आपल्या वडिलांनाही वाटले नसते.

नगरकरीण

सर्वांचे आभार. काय ठरले ते कळवते, कारण अर्धवट सोडलेली चर्चा वाचणाऱ्याला चुटपुट लावते.

पत्रिकेत 'पहिला स्मरणदिन' आणि 'ख्रिस्तवासी' हे शब्द जातील. भजन बैठकीचेच होईल. केडगावकरांचे लिखाण मी भावाला जसेच्या तसे पाठवले. दोन दिवस त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा पणजोबांच्या तक्क्यातल्या भजनाची गोष्ट आपल्याला कोणी कधी का सांगितली नाही, असे त्याने आईला विचारले. भजनाविषयीचे त्याचे मत बदललेले नाही. तो येईल, शास्त्रपाठ वाचेल, मुलांकडून एक हिंदी गीत म्हणून घेईल आणि ज्या ओळी त्याला म्हणाव्याशा वाटत नाहीत त्या ठिकाणी गप्प बसेल. मला हे पुरेसे आहे. आईला नाही, पण ती म्हणते, बघू.

आता अडचण निराळीच आहे. वडिलांच्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलेली एकवीस पदे आहेत. बहुतेकांच्या डोक्यावर जुन्या पद्धतीप्रमाणे 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाची पहिली ओळ दिली आहे आणि त्यावरून ती लावता येतात. पण एका पदावर नुसते 'चाल: आईची' असे लिहिले आहे. आजी जाऊन तीस वर्षे झाली आणि टाळ धरणारे काकाही आता हयात नाहीत. पद ओवीसारखे साडेतीन चरणांचे आहे, शेवटचा चरण तोकडा आहे आणि विषय मरियेने बाळाला कापडात गुंडाळल्याचा आहे. बहुधा जात्यावरची किंवा पाळण्याची चाल असावी. राहुरी, नेवासे, शेवगाव या बाजूच्या घरांत नाताळच्या सुमारास बायका असे काही म्हणत असल्याचे कोणाला आठवत असेल, तर कृपया मला निरोप पाठवावा. पेटीवाला काका, वडिलांची पट्टी काळी दोन होती.